शरणप्पा सरांचा तास आणि तीन गिलास

आनंदराजनं ठरवलं म्हणजे ठरवलं! बी.एस्सी. झाली की एम.एस्सी., तीही भूगर्भशास्त्रात, आणि मग सरकारी जीपमध्ये बसून दगड फोडत देशभर हिंडायचं! लातूरच्या होस्टेलच्या मेसमध्ये भरल्या ताटावर त्यानं ही घोषणा केली, तेव्हा शेजारी बसलेल्या ताहेरचा घास हातातच राहिला.

"एम.एस्सी.? अरे, बी.एस्सी.च्या तासाला पंधरा मिन्टं जागं ऱ्हाईना झालास तू! अजून दोन वर्षं झोपायचा इरादा हाय का?"

"एम.एस्सी.त झोप येत नसते. तिथं विषय लई खोल असतो."

"मंग झोप बी खोलच लागंल की!"

थट्टा सोडा, पण पोराची इच्छा खरी होती. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याचं औशाकडचं घर पडलं, तेव्हा तो दहावीत होता. घरची माणसं वाचली, पण सगळ्यांनी वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. एकदा गावात शास्त्रज्ञांची जीप आली. त्यातल्या एका बाईंनी त्याला भूकंपमापकाच्या कागदावरची वेडीवाकडी रेघ दाखवली. "ही जमिनीची सही आहे," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्याला ती सही वाचायला शिकायचं होतं.

अडचण एवढीच की मध्ये शरणप्पा सरांची वही होती. सर वीस वर्षांपूर्वीच्या, पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स सांगत, आणि तेही विरामचिन्हांसकट. "अग्निजन्य खडक, स्वल्पविराम, हे, स्वल्पविराम..." वर्गात पोरं सात. खिडकीसमोर मात्र कोचिंग क्लासची तीन मजली इमारत! तिथं बारावीची तीनशे पोरं, माईकवर फिजिक्स, आणि दर दहा मिनिटांनी हशा. तो हशा आला की शरणप्पा सर वाक्य अर्धवट सोडून तिकडं बघत राहत आणि सुस्कारा टाकून म्हणत, "पूर्णविराम."

आता एम.एस्सी.च्या अर्जावर विभागप्रमुखांची शिफारस आणि सही लागते. विभागप्रमुख शरणप्पा सरच होते, कारण विभागात दुसरं कुणी नव्हतंच! सरांनी अर्ज घेतला, वहीत ठेवला आणि चष्म्यावरून आनंदराजला न्याहाळलं.

"तुझे डोळे आज पहिल्यांदाच उघडे बघायलोय. आठ दिवस जागं राहून दाखव. मग बघू सहीचं."

आनंदराजनं जय्यत तयारी केली. वारं लागावं म्हणून खिडकीशेजारची जागा धरली, तोंडात लवंग ठेवली आणि डुलकी लागताच चिमटा काढायचं काम ताहेरला दिलं.

त्या खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलचे तीन गिलास होते, पालथ्यावर पालथा रचलेले. भूकंपानंतर शिपाई व्यंकटरावांनी प्रत्येक वर्गात अशी चळत उभी केली होती. जमीन जराशी हलली तरी गिलास पडणार, आणि गिलास पडले की विचारपूस न करता मैदान गाठायचं, असा नियम होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी 'रूपांतरित खडक, स्वल्पविराम' इथवर आनंदराजनं किल्ला लढवला. मग त्याची मान पुढं गेली आणि कोपर बाजूला सरकला. चिमटा काढणारा ताहेर त्याच्याआधीच झोपला होता!

ठण्‌! ठण्‌! ठणाण्‌!

तुम्ही लातूरचे नसाल तर म्हणाल, गिलास पडला तर उचलावा, त्यात काय एवढं? लातूरचे असाल तर एव्हाना तुम्ही दारापर्यंत पोचला असाल!

सर सगळ्यांत पुढं होते. चष्मा टेबलावर, वही टेबलावर, आणि स्वल्पविराम हवेत! ताहेर झोपेतून उठून थेट पळतच सुटला. व्यंकटरावांनी घंटा बडवली. ती ऐकून समोरची तीनशे पोरं जिन्यावरून खाली आली. त्यांना बघून गल्लीतले आणखी चार क्लास रिकामे झाले. कुणी म्हणालं चारचा होता, कुणी म्हणालं पाचचा. पानवाल्याला तर दोनदा जाणवला!

आणि आनंदराज? तो बाकावर डोकं टेकून गाढ झोपला होता. सरांच्या आवाजाची इतकी सवय झालेली, की तो थांबल्यामुळंच त्याला जाग आली. बघतो तर वर्ग रिकामा! तास संपला वाटतं, असं समजून त्यानं खाली पडलेले गिलास उचलून नीट रचून ठेवले. टेबलावर सरांचा चष्मा आणि वही दिसली. सर विसरले! नशीब उघडलं! दोन्ही वस्तू घेऊन, केसांवरून हात फिरवत, तो रमतगमत बाहेर आला.

रस्ताभर माणसं होती, आणि सगळी त्याच्याकडंच बघत होती. सरांनी धावत येऊन आधी वहीला आणि मग त्याला मिठी मारली.

"इमारत हालत असताना तू माझ्या वहीसाठी आत थांबलास?"

आनंदराजला काही उमगलं नाही. पण गुरुजन डोळ्यांत पाणी आणून काही विचारत असले, तर 'हाव' म्हणावं, एवढं शहाणपण त्याला होतं.

"हाव, सर."

"कुठाय तुझा अर्ज? हा बघ, वहीतच!" सरांनी तिथंच एका स्कूटरच्या सीटवर अर्ज पसरला आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात ताहेर त्याच्या कानाशी लागला. "लेका, भूकंप झाला की! खिडकीतले गिलास पडले!"

"खिडकीतले?" आनंदराजचा कोपर मघापासून का दुखत होता, ते आत्ता त्याच्या ध्यानात आलं. पण गप्प राहायला काय हरकत होती? सही तर होतच होती!

मग त्याला एसटीडी बूथवर एक मुलगी दिसली. क्लासमधून अनवाणीच पळत आलेली, आणि दोन्ही हातांनी फोन धरून रडत होती. "आई, तुमी भायेर हाव ना समदे? आत जाऊ नगा. आज्जीला बी भायेर आणा."

पाच वर्षांपूर्वी आनंदराजही असाच रडला होता.

"सर, सही करू नका!" तो ओरडला. "भूकंप झालाच न्हाई. मी झोपलो होतो. माझा कोपर लागला गिलासाला!"

आत बघून आलेले व्यंकटराव म्हणाले, "पर गिलास तर उभे हायत!"

"ते मीच परत रचले, मामा."

आधी शिव्या आल्या, मग हशा. एवढा मोठा हशा कोचिंगच्या सरांनाही कधी मिळाला नसेल! ती मुलगी रडता रडता हसत फोनवर म्हणाली, "काई न्हाई गं आई, एक पोरगं झोपलं होतं." शरणप्पा सरांनी पेनाला टोपण लावलं आणि अर्जाची घडी करून खिशात घातली.

"उद्यापासून पहिल्या बाकावर."

दुसऱ्या दिवशी पहिला बाक सरांच्या टेबलाला चिकटवलेला होता आणि टेबलाच्या कडेवर, आनंदराजच्या नाकासमोर, तेच तीन गिलास!

"मुदतीला अकरा दिवस आहेत," सर म्हणाले. "तुझ्यामुळं हे पडले, की अर्ज फाडला."

अकरा दिवस! आनंदराज श्वाससुद्धा जपून घेऊ लागला. जागं राहायचंच आहे म्हटल्यावर त्यानं नाइलाजानं ऐकायला सुरुवात केली, आणि ऐकताना एकदा त्या रेघेबद्दल विचारूनही बसला. सरांनी वही मिटली आणि जमिनीची सही कशी वाचतात ते अर्धा तास सांगितलं, एकाही स्वल्पविरामाशिवाय! त्या दिवशी समोरचा हशा कुणाला ऐकूच आला नाही.

पण दुसऱ्या दिवशी वही पुन्हा उघडली.

शेवटचा दिवस. उन्हाची वेळ. सर हनुवटी तळहातावर टेकवून सांगत होते, "गाळाचे खडक, स्वल्पविराम, हे..." पुढचा शब्द आलाच नाही.

ठण्‌! ठण्‌! ठणाण्‌!

कुणीही पळालं नाही. सहाही माना आनंदराजकडं वळल्या. तो पेन उचलून, टक्क डोळ्यांनी, पुढच्या शब्दाची वाट बघत होता. सरांचं कपाळ वहीवर टेकलेलं होतं.

सर दचकून उठले. त्यांनी खिडकीकडं बघितलं, छताकडं बघितलं, आणि मग स्वतःच्या कोपराकडं. मुकाट्यानं खाली वाकून तिन्ही गिलास गोळा केले. खिशातला अर्ज काढून झोकदार सही ठोकली आणि शिफारशीच्या रकान्यात लिहिलं, 'वर्गात जागा असतो.'

"आणि आजचं बाहेर कुठं बोलायचं न्हाई," सर म्हणाले. "पूर्णविराम!"