इराकचे किसनतात्या

किसनतात्यांना कुणी "पाणी आलं का?" असं विचारलं, तर ते आधी इराकचं सांगत आणि मग स्वतःचं. "इराकला अजून थेंब न्हाय. मलाबी न्हाय." विचारणारा नवखा असला तर त्याला वाटे, ह्यांची थोडी जमीन तिकडेही असावी.

तात्यांची जमीन होती इंदापूर तालुक्यातच, आमच्या गावच्या चारीच्या अगदी शेवटाला. कालव्यातून चारी जिथं फुटते ते हेड, आणि जिथं तिचं पाणी संपतं ती टेल. वरच्यांचं भिजवून झाल्यावर काही उरलं, तर ते टेलवाल्याचं. हेडला जमीन होती त्यांच्या थोरल्या भावाची, आबांची. वाटणीत तसं पडलं, त्यात कुणाचा दोष नव्हता. पण एका उन्हाळ्यात आबांनी चारीवरचं आपलं पाण्याचं दार वेळेवर बंद केलं नाही, तात्यांचा ऊस वाळला, आणि दोघांनी अबोला धरला. त्याला अकरा वर्षं झाली. एकाच गावात राहायचं, एकाच देवळात जायचं आणि तोंडं दोन दिशांना.

आखातात लढाई पेटली, तेव्हा तात्यांनी टीव्हीवर पहिल्यांदा इराक पाहिला. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, म्हणून रविवारी सकाळी स्वारी माझ्या दारात हजर. "सर, ह्यो इराक हाय कुठं? नकाशात दावा." मी ॲटलास काढला. युफ्रेटिस तुर्कस्तानात उगवते, सीरियातून वाहत इराकात जाते, एवढं सांगून मी थांबायला हवं होतं. पण प्राध्यापकाला थांबवत नाही. तुर्कस्ताननं वर मोठं धरण बांधलं आणि ते भरायला महिनाभर नदी अडवली, हेही सांगून बसलो. तात्यांनी तोंडातली सुपारी तशीच गिळली.

"म्हंजे इराक टेलला हाय व्हय!"

त्या दिवसापासून अख्ख्या मध्यपूर्वेचा कारभार तात्यांनी अंगावर घेतला. माझी पुस्तकं नेली, वाचून परत आणली, वर माझ्याच चुका काढल्या. तिकडच्या कितीतरी सीमा गोऱ्या साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवून आखल्या, हे ऐकून ते हसत सुटले. "बांध कदी असा सरळ असतो व्हय? मोजणीवाला जागंवर गेलाच न्हाय!" तिथल्या दोन शहरांनी चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी कालव्याच्या पाण्यावरून लढाया केल्या, हे वाचून त्यांना फार बरं वाटलं. पाणी देऊन देऊन तिकडची जमीन खारवट झाली, ही बातमी मात्र "जरा हेडवाल्यांच्या कानावर घाला" असं मला बजावलं. सुप्याकडचं कोरडवाहू रान म्हणजे त्यांच्या लेखी सौदी अरेबिया, फक्त तेल लागायचं राहिलेलं. आणि तुर्कस्तान कोण, ते सांगायला नकोच. आबा रस्त्यानं दिसले की तात्या मान फिरवून म्हणत, "निघालं बगा तुर्कस्तान." मला ह्याची फार मजा वाटायची. मी दर रविवारी नवी माहिती पुरवायचो.

एकदा तात्या अर्जच लिहून घेऊन आले. पाटबंधारे खात्याला अर्ज देऊन देऊन त्यांचा हात बसला होता. "प्रति, मा. राष्ट्रपतीसाहेब, तुर्कस्तान. विषय: नदीच्या पाण्याची पाळी टेलपर्यंत सोडणेबाबत. महोदय, आपण वरच्या अंगास असल्याने आपले भिजवणे आधी होते, त्यास हरकत नाही. परंतु आपले झाल्यावर दार बंद करणे. खाली इराक नावाचा खातेदार आहे." सही: किसन, टेलचा खातेदार, ता. इंदापूर.

मी पोट धरून हसलो, मग त्याचं इंग्रजी केलं आणि त्यांच्या दिल्लीतल्या वकिलातीच्या पत्त्यावर टाकून दिलं.

"टेलवाल्याला इच्यारतंय कोन?" तात्या म्हणाले. ही त्यांची नेहमीची आरोळी होती.

पण चार महिन्यांनी खरंच उत्तर आलं. एक गुळगुळीत कॅलेंडर. समुद्र, मशिदी, कलिंगडांचे ढीग. पाळीबद्दल एक अक्षर नाही. तात्यांनी बाराही महिने उलटून पाहिले.

"कलिंगडं झ्याक आल्यात," ते म्हणाले. "पाणी हाय ना."

आता शिव्या सुरू होणार म्हणून मी सरसावून बसलो. पण तात्यांनी हळूच विचारलं, "सर, खरं सांगा. एवढं झालं, तरी नदीवरच्या त्या तिघांत बोलणं हाय का?"

"आहे की. अधूनमधून त्यांचे इंजिनिअर एकत्र बसतात. जमत काही नाही. भांडतात, चहा पितात, पुन्हा कधीतरी बसतात."

"नदी अडवल्यावरबी बसत्यात?"

"बसतात."

ह्या दोघा भावांच्या भांडणात इतके दिवस आपणही हसत हसत तेल ओतलं, हे मला तेव्हा पहिल्यांदा टोचलं. तात्यांनी कॅलेंडर वर्तमानपत्रात गुंडाळलं, सायकलच्या दांडीला बांधलं आणि निघाले. घराकडे नाही, चारीच्या वरच्या अंगाला.

पुढच्या शनिवारी माझ्या दारात साक्षात तुर्कस्तान उभं. आबा आयुष्यात माझ्याकडे आले नव्हते. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सर, किसन आलता घरी. एक क्यालेंडर ठेवलं म्होरं. म्हणाला, 'दादा, तुझं हाय. चुकून माझ्या पत्त्यावर आलं.' च्या पिला. पाण्याचं काय बोलला न्हाय. जाताना म्हणाला, पुढच्या ऐतवारी येतो."

"मग चांगलंच झालं की, आबा."

"ऐतवार उद्या हाय," आबा म्हणाले. "किसन मला तुर्कस्तान म्हणतो, ते ठावं हाय मला. त्या तुर्कस्तानाचं जरा समजून सांगा. त्यो यील, आन् मला बोलायला काय सुचलं न्हाय, तर उठून जाईल वो."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मी ॲटलास उघडला. तुर्कस्तान दाखवलं, डोंगर दाखवले, नदीचा उगम दाखवला. आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते आपलं जाड बोट नदीवरून हळूहळू खाली नेत होते.

"आन् आमचा किसन कुठं?"

मी इराकवर बोट ठेवलं. आबांनी वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा पाहिलं.

"लईच खाली राहिलाय की वो," ते म्हणाले.