जुंपून पाहिलेला दोरा

धाडच्या इंद्रभाननं जुंपून पाहिल्याशिवाय उभ्या आयुष्यात बैल घेतला नव्हता, आणि तो कधी फसलाही नव्हता. तेव्हा चार दिवसांच्या समुद्रातल्या मासेमारीसाठी रीळ आणि दोरा घ्यायचा, तर आपल्याइतका चोख माल जिल्ह्यात कोणी घेणार नाही, असं त्यानं भरल्या पारावर सांगून टाकलं. आपण समुद्र पाहिलेला नाही, ही बाब त्याला किरकोळ वाटली.

प्रकरण इज्जतीचं होतं. लेक अर्पिता मालवणात दिलेली. दिलेली म्हणजे, तिनंच ठरवलं, इंद्रभाननं दोन वर्षं 'नाही' धरून ठेवलं आणि शेवटी हरला. लग्नात तो इवायाशी, म्हणजे व्याह्याशी, धड बोललाही नव्हता. आता त्याच इवायाचा, प्रेमानंदांचा, आपणहून फोन आला, "व्याहीबुवा, चार दिवस होडीवर चला. फक्त कपडे आणा."

लेकीच्या सासरी जायचं आणि त्यांच्याच दोऱ्यानं मासा धरायचा? छे!

चिखलीला भगवंतरावांचं दोरखंडाचं दुकान. त्यांनी मुद्दाम मुंबईहून माल मागवला.

"हा जाड नायलॉनचा, ताणला की लांबते. हा विणलेला, बारीक हाय, पण तुटाचं नाव नाही. अन् हे रीळ खाऱ्या पाण्यात गंजत नाही. फक्त याचा ब्रेक ढिला ठेवा. मासा पळाला की दोरा सुटला पाह्यजे."

इंद्रभाननं झाकण उघडून रिळाचे आतले दात बघितले. बैलाचा जबडा उघडावा तसे! "दाताले बरं हाय. पण भगवंतराव, सोडाचंच असन तं धराचं काऊन?"

"मासा थकवाले!"

"जुंपून पाह्यतो. टिकला तं ठेवतो."

धाडचा बाजार भरला होता. शेजारच्या कडूबाचा गोऱ्हा अजून जुवाखाली गेलेला नव्हता. त्याच्या गळपट्ट्याला विणलेला दोरा बांधला गेला. काठी आणि रीळ इंद्रभाननं उपरण्यानं स्वतःच्या कमरेला आवळलं आणि ब्रेक शेवटच्या आट्यापर्यंत पिळला.

"ढिला ठेव बे थोडा," कडूबा म्हणाला.

"तू मासा धरला का कधी?"

"तू धरला का?"

गोऱ्हा समाधी लावल्यासारखा उभा होता. तेवढ्यात मागून जीपवाल्यानं हॉर्न वाजवला!

गोऱ्हा सुटला. त्याच्यामागे इंद्रभान सुटला. बारीक दोरा कोणालाच दिसेना, त्यामुळे भला माणूस लगबगीनं निघालाय एवढंच बाजाराला दिसलं.

"राम राम इंद्रभानभाऊ! एवढ्या घाईत कुठं?"

"इवायाकडं!" इंद्रभान धावता धावता म्हणाला. रीत ती रीत!

कांद्याचा ढीग गेला. विमलबाईची मिरचीपूड अंगावर आली. कपडेवाल्याच्या पालाला दोऱ्याचा वेढा बसला, आणि पाल परकर-झबल्यांसकट वऱ्हाडासारखं मागे चालू लागलं. गोऱ्हा थांबला तो थेट कडूबाच्या गव्हाणीशी, कडबा दिसला म्हणून.

लालभडक इंद्रभान उठला. डोळ्यांतल्या धारा तशाच राहू देऊन त्यानं दोरा बोटांनी चाचपला.

"पास," तो म्हणाला.

मालवणात होडी सुटली, आणि समुद्राआधी इंद्रभानचं पोट उसळलं. तो काठावरून इतका वाकू लागला की प्रेमानंदांनी मुकाट्यानं तोच दोरा त्याच्या कमरेला बांधला, रीळ हाती घेतलं आणि ब्रेक ढिला केला. इंद्रभान वाकला की दोरा सोडायचा. लाट ओसरली की त्याला अलगद ओढून घ्यायचं.

"इवाई, घट्ट धरा ना!"

"घट्ट धरलं की हिसका बसतो हो. सैल सोडलं की माणूस आपसूक परत येतो."

इंद्रभानला का कोण जाणे, लग्नाआधीची ती दोन वर्षं आठवली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण पुन्हा काठ गाठावा लागला.

चार दिवसांनी धक्क्यावर अर्पिता वाट पाहत उभी. तिनं सासऱ्यांनाच विचारलं, "अप्पा, बाबांच्या दोऱ्याला काय लागलं?"

"एकच लागलं," प्रेमानंद दोरा गुंडाळत गंभीरपणे सासऱ्याच्या आवाजात म्हणाले. "पण वजनदार आहे. तूच सोडव, सूनबाई."

दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पांढराफटक इंद्रभान बसला होता. लेक गाठ सोडायला वाकली, तसा तो हळूच तिच्या कानाशी लागला.

"बाई, इवाई भला माणूस हाय. पण दोरा कोनं निवडला, ते सांग त्याहिले."