कपाटावरचा देव आणि तळवडेकर सर

आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे तळवडेकर सर कँटीनमध्ये वडा खावा की मिसळ, हे देवाला विचारून ठरवतात. मी थट्टा करत नाहीये. स्टाफरूममध्ये त्यांच्या टेबलामागे जे लोखंडी कपाट आहे, त्यावर एक काळा गुळगुळीत दगड ठेवलेला आहे. गावच्या नदीतला. गावच्या देवाची रीतसर परवानगी काढून तो परळला आणलाय, असं सर सांगतात. या दगडाच्या उजव्या नि डाव्या अंगाला सर पाण्यानं एकेक पाकळी चिकटवतात, प्रश्न सांगतात आणि हात जोडून उभे राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कोकणात याला कौल लावणं म्हणतात. तिथे तो देवळात लावतात, लग्नकार्यासाठी, दुखण्याखुपण्यासाठी. सर मिसळीसाठी लावतात.

मी अर्थशास्त्र शिकवते आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी आहे, त्यामुळे या देवाचा सगळ्यात जास्त जाच मला झालाय. मी गिरगावची. देव मीही मानते, पण त्याला इतक्या फालतू कामाला लावत नाही. कौलाच्या वेळी वारा चालत नाही. सर बोट वर करून नुसतं "पंखा!" म्हणतात आणि बटणाजवळ जो असेल त्यानं पंखा बंद करायचा. बटणाजवळ कायम मीच असते. पुढे स्टाफरूमला एसी बसला, तर त्याचा रिमोट सरांनी आपल्या खणात ठेवला. ऐन मे महिन्यात पेपर तपासताना आम्ही सगळे घामाघूम, आणि सर देवाला विचारतायत, निळी शाई वापरू की काळी.

"सर, तुम्ही वर्गात प्रॉबॅबिलिटी शिकवता ना?" मी एकदा वैतागून म्हटलं.

"शिकवतो की. पाकळी उजवी पडण्याची शक्यता निम्मी असते. पण ती पाडतो कोण, ते सिलॅबसमध्ये नाही."

सर एरवी शुद्ध, छापील मराठी बोलतात. देवाशी मात्र मालवणीत, कारण देवाला दुसरी भाषा येत नाही असं त्यांचं म्हणणं. कौलाआधी ते गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवाला मोठ्यानं विनवणी करतात. "बा देवा महाराजा!" अशी हाक मारतात, आणि आसपासच्या माणसांनी "व्हय महाराजा!" म्हणून साथ द्यायची असते. मागे कॉलेजची तपासणी करायला बाहेरची समिती आली होती. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, की तुमच्या विभागात निर्णय कसे घेतले जातात? सरांनी प्रामाणिकपणे कपाटाकडे बोट दाखवलं. प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक पडला. निघताना त्या बाई हळूच परत आल्या आणि मुलीच्या स्थळाबद्दल विचारून गेल्या. उजवा मिळाला. आम्हाला श्रेणीही चांगली मिळाली.

पण एक गोष्ट मानली पाहिजे. देवानं नाही म्हटलं तर सर कुरकुर करत नाहीत. "डावो तर डावो," म्हणतात आणि मिसळीची इच्छा तिथल्या तिथे सोडून देतात. "विचारलं की मानायचं. मानायचं नसेल तर विचारायचं नाही," हा त्यांचा नियम. सर बिनलग्नाचे आहेत, लालबागला चाळीतल्या खोलीत एकटे राहतात. सगळ्या मुलींना देवानं डावा दिला असणार, असं आम्ही स्टाफरूममध्ये त्यांच्यामागे म्हणायचो आणि हसायचो.

कॉलेजच्या भजन मंडळाचे प्रमुख मार्गदर्शक म्हणजे अर्थात सरच. मंडळ मुलांचंच, सर फक्त टाळ मोजून घेतात. दरवर्षी मंडळाचा एक विद्यार्थी-अध्यक्ष निवडतात आणि वार्षिक भजनाच्या दिवशी सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. यंदा तो मान ओंकारला मिळणार हे ठरल्यासारखं होतं. ओंकार अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतला, तिसऱ्या वर्षाचा मुलगा. आवाज असा, की तो गायला लागला की कँटीनवाला भांडी घासायचा थांबतो.

या ओंकारनं एक दिवस मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरळ लिहून टाकलं, की मला मुलगे आवडतात, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतोय, उद्याची तालीम पाचला आहे.

ग्रुपवर सामसूम. तालमीला निम्मी मुलं आली नाहीत. मंडळाचा सेक्रेटरी चिन्मय सरांकडे आला. हा चिन्मय वाईट मुलगा नाही, उपासतापास करणारा, पापभीरू.

"सर, माझं पर्सनल काही नाही. ओंक्या माझा दोस्त आहे. पण देवाचं काम आहे ना. गाऱ्हाणं त्यानं घातलेलं चालेल का?"

त्याच सुमारास आमच्या कॉलेजात विविधता मंच नावाची मुलांची दुसरी संघटना निघाली होती. सगळ्यांना सामावून घेणारी. ऋतुजा नावाची हुशार, तडफदार मुलगी तिची प्रमुख. ओंकार बिचारा तिकडे गेला, तर कपाळावरचं गंध बघून तिथली बैठकच थांबली. धर्माच्या पगड्यातून आधी बाहेर ये, मग मंचावर ये, असं त्याला सांगण्यात आलं. सामावून घेण्याचेही त्यांचे काही नियम होते.

"मॅडम, तिकडे देव बाहेर ठेवून जायचं आणि इकडे स्वतःला बाहेर ठेवून यायचं," ओंकार मला म्हणाला. "मी बसू कुठे?" तो हसत होता, पण मग म्हणाला की घरी बाबा बोलत नाहीत, आणि मंडळ सुटलं तर संध्याकाळी जायला जागा उरणार नाही. मी त्याला चहा पाजला.

शेवटी चिन्मयनंच तोडगा काढला. "सर, देवालाच विचारा. कौल लावा. देव हो म्हणाला तर माझीही ना नाही."

ओंकार म्हणाला, "चालेल. नाही आला तर मी मंडळ सोडतो."

आता खरी गंमत सुरू झाली. निळ्या शाईसाठी देवाला उठवणारा हा माणूस या एका कौलाला तयार होईना. आज फुलंच ताजी नाहीत. आज हवा दमट आहे. उद्या अमावास्या आहे. दादरच्या फूल मार्केटातून चिन्मयनं पहाटे जाऊन टवटवीत शेवंती आणून दिली, तर सर म्हणाले, ही फार जाड आहे. मग एके दुपारी मला पंखा बंद करायला लावून त्यांनी देवाला विचारलं, की हा कौल लावू का? डावा पडला. म्हणजे कौल लावू नको असा कौल मिळाला. सर आनंदानं नाचायचे बाकी होते. पण चिन्मय हट्टाला पेटला. तो म्हणाला, कौल लावायचा की नाही हा प्रश्न माणसांचा आहे, तो देवाला विचारता येत नाही. दोन्ही बाजू प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी आपण विज्ञान शाखेचे असल्याचं सांगितलं आणि दार लावून घेतलं.

अखेर शुक्रवारी मधल्या सुट्टीत कौल ठरला. स्टाफरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला मंडळाची मुलं, हात जोडून. दाराशी ऋतुजा आणि मंच, "कौल नको, हक्क हवा!" असा फलक घेऊन. मध्ये ओंकार, गंध लावून, इस्त्रीचा शर्ट घालून. पंखा बंद, एसी बंद. पाकळ्या चिकटवताना सरांनी अर्धं पाणी माझ्या पेपरांवर सांडलं.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ह्यो ओंकार तुझ्या पायाशी उभो आसा. तेका अध्यक्ष करूक तुझी मर्जी आसा काय, ता सांग महाराजा!"

"व्हय महाराजा!"

मंचाच्या मुलांनी फलक खाली केला आणि टाचा उंचावल्या. आणि डावी पाकळी पडली.

"सर, पुन्हा लावा ना!" हे ऋतुजा ओरडली. देव न मानणारी ऋतुजा. "बेस्ट ऑफ थ्री तरी करा!"

चिन्मयचा चेहरा उतरला होता. त्यालाही हे नको होतं, हे तेव्हा मला कळलं. ओंकारनं दगडाला नमस्कार केला, आपले टाळ टेबलावर ठेवले आणि दाराकडे वळला.

"थांब रे," सर म्हणाले. मग ते कपाटाकडे वळले. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"बा देवा महाराजा, आज तुझा नि माझा जमाचा नाय. तरणो होतंय तेव्हा तुका इचारलंय, सदाबरोबर परळाक खोली घेव काय. तू डावो दिलंस. मी डावो तर डावो म्हटलंय. सदाक नाय म्हणून सांगलंय. माझो सगळो जल्म एकट्यान गेलो, महाराजा!"

महाराजा हा शब्द ऐकला आणि मंडळाची मुलं सवयीनं एका सुरात म्हणाली, "व्हय महाराजा!"

चिन्मयनं तोंडावर हात ठेवलेला मला दिसला. सर थांबले नाहीत.

"आज ह्या पोराक नाय म्हणतस? मी नाय ऐकूचंय. काय करूचा ता माझा कर. पोराक हात लावू नको."

मग त्यांनी चष्मा पुसला आणि छापील मराठीत जाहीर केलं, "यंदाचे अध्यक्ष ओंकार. मॅडम, पंखा लावा."

"सर, पण देव रागावला तर?" चिन्मयनं अगदी हळू विचारलं.

"माझ्यावर रागावेल. माझी त्याची ओळख जुनी आहे."

चिन्मयनं टेबलावरचे टाळ उचलले, ओंकारच्या हातात दिले आणि म्हणाला, "पाचला तालीम. लेट नको येऊस, अध्यक्ष." ऋतुजानं जाताना ओंकारला विचारलं, की वार्षिक भजनाला आम्ही आलो तर चालेल का? फलक आणू नका, एवढीच अट त्यानं घातली.

सगळे गेल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच उरलो. सर खुर्चीत बसले होते, समोर डबा तसाच, झाकण न उघडलेला. आम्ही त्यांच्या लग्नावरून केलेले सगळे विनोद मला एकदम आठवले आणि माझीच मला लाज वाटली.

"सर, सदा कुठे असतात?"

"शिवडीला. गोदीत होता, आता रिटायर झालाय. त्यानंही लग्न नाही केलं."

"शिवडीला?" मी जवळजवळ ओरडलेच. "म्हणजे इथून टॅक्सीनं पोचता येईल! भेटता कधी?"

"बाजारात दिसतो कधीकधी. मान हलवतो. मीही हलवतो."

मला रडू यायला लागलं, म्हणून मी रागावले. मला तेवढंच जमतं. म्हटलं, त्यांना वार्षिक भजनाला बोलवा, आत्ताच्या आत्ता. सर म्हणाले, माझा आवाज ऐकून फोन ठेवून दिला तर? तुम्ही करा. नंबर कुठे शोधावा लागला नाही. सरांना तो पाठ होता. मी माझ्या फोनवरून लावला.

"नमस्कार, सदानंदच ना? मी तळवडेकर सरांच्या कॉलेजातून बोलतेय."

पलीकडून एक घाबरलेला, म्हातारा आवाज म्हणाला, "मधूक काय झाला? बरो आसा मा तो?"

"बरे आहेत, सर बरे आहेत," मी घाईघाईनं म्हटलं आणि फोन सरांच्या हातात दिला.

सरांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. बाहेर मुलांचा गलका चालला होता. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सरांनी समोरच्या भरल्या डब्याकडे पाहिलं.

"होय," ते म्हणाले. "जेवलंय मी. तू जेवलंस?"