बर्फाखालची नंबरप्लेट

फ्रेंच भाषेच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये, असं माझं फेब्रुवारी १९५९ पर्यंत स्पष्ट मत होतं. पुण्याला कॉलेजात मी दोन वर्षं फ्रेंच घेतलं होतं आणि वर्गात दुसरा आलो होतो. वर्गात आम्ही तिघंच होतो, हा तपशील मी सहसा सांगत नाही.

तेव्हा मी डार्मश्टाटला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होतो. माझी बायको स्नेहलता येऊन सहा महिने झाले होते. हेर कुंकेल नावाच्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. स्नेहलतेसाठी मी जर्मन व्याकरणाचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. तिने ते खिडकी आपटू नये म्हणून फटीत लावलं आणि खाली घरमालकीण फ्राऊ कुंकेलकडे जाऊन बटाटे सोलायला बसली. सहा महिन्यांत ती घडाघडा बोलायला लागली.

"तुझं जर्मन अगदी गावठी आहे," मी म्हणायचो.

"असेना. लोकांना कळतं ना?" ती म्हणायची.

फेब्रुवारीत आमच्या प्रयोगशाळेचा बॉयलर बिघडला आणि आठ दिवस सुट्टी मिळाली. मी जाहीर केलं, आपण मोटारीने फ्रान्सची छोटी छोटी गावं बघायची. भाषेची काळजी तू करू नकोस, मी आहे. हेर कुंकेलनी आपली जुनी छोटी गाडी दिली. माणूस इतका व्यवस्थित, की किल्लीबरोबर त्यांनी एक फोलमाख्टही दिलं. फोलमाख्ट म्हणजे अधिकारपत्र. 'माझी गाडी हेर आठल्ये माझ्या संमतीने नेत आहेत', खाली सही आणि शिक्का. स्नेहलतेने ते पर्समध्ये ठेवलं, शेजारी लसणाच्या चटणीची बाटली.

पहिला दिवस थोडा विचित्र गेला. विसेंबूर गावात मी अस्सल फ्रेंचमध्ये कॉफी मागितली, तर वेटर भलत्याच बोलीत काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाला गं?"

"दूध गरम हवं का, विचारतोय. आमच्या फ्राऊ कुंकेलसारखंच बोलतात की हे."

हाग्नोला तेच, साव्हेर्नला तेच. तो सीमेवरचा मुलूख, तिथली घरातली बोली जर्मनच्या कुळातली. मी फ्रेंच बोलायचो, ते त्यांच्या बोलीत उत्तर द्यायचे आणि स्नेहलता मला मराठीत सांगायची. "हा काही खरा फ्रान्स नाही," मी म्हणालो. "घाट ओलांडू दे, मग बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घाट ओलांडला. पलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर बर्फ. पहिलंच गाव लागलं त्यात एक चर्च, एक चौक आणि एक हॉटेल. मी आत जाऊन खोली मागितली. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, दारातून गाडीकडे पाहिलं, छताकडे हात केले, मग जमिनीकडे केले आणि एक लांबलचक वाक्य बोलल्या. त्यातला मला कळलेला शब्द एकच, 'नाही'. मागे खुंट्यांवर नऊच्या नऊ किल्ल्या लटकत होत्या.

मी बाहेर आलो आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"नंबरप्लेट," मी म्हणालो. "गाडी जर्मन आहे. लढाई संपून चौदाच वर्षं झालीत. या लोकांनी काय काय सोसलं असेल. आपल्याला कोण खोली देणार?"

"असं म्हणाल्या त्या?"

"असं तोंडावर कोणी म्हणत नाही. भाषा येत असली की ते कळतं."

मग मी दोन मुठी बर्फ घेतला आणि पुढची नंबरप्लेट लिंपून टाकली. मागची लिंपली. देशाचं अक्षर असलेली पाटीही लिंपली. गारठा असा होता की पाच मिनिटांत सगळं दगडासारखं घट्ट झालं. "आणि हे बघ, यापुढे एकही जर्मन शब्द तोंडातून काढायचा नाही. ते फोलमाख्टही पर्सच्या तळाशी घाल."

"अहो, पण..."

"तळाशी."

तिने घातलं. गावाबाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. शेवटच्या घराशी एका तरुण पोलिसाने हात वर केला. बिननंबरची गाडी, चालवणारा कानटोपीतला काळासावळा माणूस, शेजारी नऊवारीवर लोकरीचा कोट घातलेली बाई. मीसुद्धा थांबवलं असतं.

त्याने जर्मन येतं का, असं विचारलं. मी ठासून नाही म्हणालो. मग त्याने गाडीकडे बोट करून फ्रेंचमध्ये विचारलं, "कसे आलात?"

प्रश्न मला पूर्ण कळला, याचा इतका आनंद झाला की मला फुशारकी मारायची लहर आली. त्याने गाडीकडे केलेलं बोट मी लक्षातच घेतलं नाही. हिंदुस्थानातून कसे आलात, असंच मी धरलं. खरं म्हणजे आम्ही दोघंही बोटीने आलो होतो, मी तर अठरा दिवसांतले अकरा दिवस ओकत. पण विमानाने उडत आलो म्हटलं की वजन पडतं. शिवाय 'उडणे' या क्रियापदाचा भूतकाळ मला पाठ होता. मी छाती काढून म्हणालो, "नू झाव्हों व्होले."

फ्रेंचमध्ये व्होले म्हणजे उडणे. व्होले म्हणजे चोरी करणेसुद्धा. हा दुसरा अर्थ आमच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात असावा.

पोलीस एक पाऊल मागे सरकला. "व्होले? तुम्ही दोघांनी?"

"हो, दोघांनी."

"बाईसाहेबांनीसुद्धा?"

"तिची पहिलीच वेळ. फार घाबरली होती. मी सगळा वेळ तिचा हात धरून ठेवला."

त्याने दार उघडून किल्ली काढून घेतली. मला वाटलं, आमचा सत्कार होतोय.

ठाण्याचे प्रमुख पन्नाशीचे, मिशाळ गृहस्थ होते. शेगडीपाशी बसवून त्यांनी आमचे पासपोर्ट पाहिले, गाडीच्या कागदांवरून कुंकेलांचं नाव काढलं आणि डार्मश्टाटला फोन जोडायला सांगितलं. वीस मिनिटांनी लागला. आणि प्रमुख चक्क जर्मन बोलायला लागले.

"हेर कुंकेल? मी फ्रान्समधून बोलतोय, पोलीस ठाण्यातून. तुमची गाडी चोरीला गेली आहे का?"

पलीकडून असा आवाज आला की त्यांनी फोन कानापासून हातभर लांब धरला. "यावोल! यावोल! हो, हो! सापडली?"

"सापडली. नेणारेही सापडले."

प्रमुखांनी गावाचं नाव सांगितलं, तसा पलीकडे म्हातारा हुंदके द्यायला लागला. मग फोन बंद झाला. प्रमुखांनी आमच्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. ज्या माणसाने काल स्वतः काच पुसून गाडी दिली, तो असं का म्हणतोय, हे मला समजेना. मला बोलायचं होतं, पण कुठल्या भाषेत? फ्रेंच आटलं होतं. जर्मन येत नाही असं मी सांगून बसलो होतो.

स्नेहलता माझ्याकडे वळली. "अहो, आता बोलू का?"

"बोल," मी म्हणालो.

तिने पर्सच्या तळातून फोलमाख्ट काढलं, घडी उलगडून टेबलावर ठेवलं आणि फ्राऊ कुंकेलच्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सुरुवात केली. बॉयलर, सुट्टी, बोट, विमान, बर्फ, सगळं. प्रमुख होते साव्हेर्नचे. आजीच्या बोलीच्या जवळपासचं काहीतरी नऊवारीतल्या बाईच्या तोंडून ऐकून त्यांचा चेहरा फुलत गेला. 'उडणे' आणि 'चोरणे' यांचा उलगडा झाला तेव्हा तरुण पोलीस हसू आवरायला बाहेर गेला.

"पण मग हेर कुंकेल असं का म्हणाले?" प्रमुखांनी विचारलं आणि पुन्हा फोन जोडला. या वेळी फ्राऊ कुंकेल होत्या. स्नेहलतेने ऐकून मला सांगितलं, "पंचेचाळीस साली त्यांची एक मोठी काळी गाडी कोणा सैनिकांनी सीमेपलीकडे नेली होती. चौदा वर्षं ते तिच्यासाठी अर्ज करतायत. त्यांना वाटलं, तीच सापडली. फाइल घेऊन, कोट घालून ते स्टेशनवर गेलेसुद्धा."

आता त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. "मग तुम्ही इथेच राहा. ते येतील उद्या," प्रमुख म्हणाले.

"हॉटेलात जर्मन गाडीवाल्यांना खोली देत नाहीत," मी स्नेहलतेतर्फे कळवलं.

"कोण म्हणतं? त्या बाईंचे नळ गोठून फुटलेत. महिनाभर त्या कोणालाच खोली देत नाहीत. भेटेल त्याला वरपासून खालपर्यंत हात करून सांगत असतात."

स्नेहलतेने फक्त फोलमाख्टची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं, या वेळी सगळ्यात वर. लग्नाच्या बायकोचा तो मोठेपणा मी अजून विसरलेलो नाही.

प्रमुखांनी आम्हाला घरीच नेलं. त्यांच्या बायकोने वाळवलेल्या आलुबुखारांचा गोड पाव भाजला होता आणि तिला लसणाची चटणी इतकी आवडली की बाटली तिथेच राहिली. पिसांच्या जाड दुलईत आम्ही दोघं सकाळी नऊपर्यंत झोपलो. खिडकीबाहेर बर्फ पडत होता, खाली प्रमुख आणि त्यांची बायको हसत होते, आणि मला खरोखर फार बरं वाटत होतं.

दुपारच्या आगगाडीने हेर कुंकेल उतरले. रविवारचा सूट, काखेत वीतभर जाड फाइल. चौकात आपली छोटी गाडी पाहून ते बराच वेळ उभे राहिले. मी शुद्ध, व्याकरणनिष्ठ जर्मनमध्ये माफी मागितली. त्यांनी मान हलवली. मग स्नेहलता दोन वाक्यं बोलली, आणि ते हसले.

"आल्झो, चला," ते म्हणाले, "एवढ्या लांब आलोच आहे, तर पुढची गावंही बघून घेऊ. काळी गाडी कुठेतरी असेलच."

गाडी त्यांची, म्हणून चालवायला ते बसले. वाट विचारायला कोणीतरी बोलणारं हवं, म्हणून शेजारी स्नेहलता बसली. दर चौकात काळी मोटार दिसली की दोघं उतरून तिच्या बुडाखालचा नंबर तपासून यायचे.

ल्यूनेव्हिल आणि नान्सी ही गावं फार सुंदर आहेत, असं स्नेहलता आजही सांगते. मी मागच्या सीटवर होतो. मांडीवर फाइल होती, त्यामुळे फारसं दिसलं नाही.