घर विकणे आहे, शाळा स्वस्त

मे महिन्यातल्या तिसऱ्या मंगळवारी, रिवाजाप्रमाणे, लॉवेल प्रुइट यांनी शाळेच्या व्यायामशाळेत जाऊन शाळेच्याच अंदाजपत्रकाविरुद्ध मत दिले. दारात पालकसंघाने बँडच्या मदतीसाठी केक मांडले होते. लॉवेल यांनी दोन तुकडे घेतले. शाळेसाठी गावकऱ्यांनी काहीतरी करायलाच हवे, असे त्यांचे मत होते.

यंदा विरोधाला सबळ कारण होते. बायको विल्माचे गुडघे कामातून गेले होते आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी लॉवेलना अंगणातला बर्फ उपसवत नव्हता. घर विकून फ्लोरिडात मुलीजवळ जायचे होते. घरपट्टी वाढली तर गिऱ्हाईक पळणार, आणि ती वाढते ती शाळेपायी, कारण शाळेचा खर्च गावाच्या घरपट्टीतूनच भागतो.

अंदाजपत्रक पडले. शाळेने बँड काढून नवे मांडले, तेही पडले. बँडवाचून कोणी मेले नाही, हे लक्षात आल्यावर गावाने 'अनावश्यक बाबी शोध समिती' नेमली आणि अध्यक्षपद लॉवेलना दिले. समितीला नर्स अनावश्यक आढळली, कारण मुले धडधाकट होती. मग ग्रंथपाल आढळला. पुढच्या वर्षी दोन इयत्तांमागे एक शिक्षक आढळला.

घर पाहायला दोन लहान मुलींना घेऊन एक जोडपे आले. बाईंना स्वयंपाकघर फार आवडले. "आणि शाळा कशी आहे इथली?" त्यांनी विचारले.

"एकदम स्वस्त," लॉवेल अभिमानाने म्हणाले.

ती मंडळी पुन्हा फिरकली नाहीत. नंतरच्या चार गिऱ्हाइकांनीही आधी शाळाच विचारली. किंमत दोनदा उतरवली, तरी 'विकणे आहे'ची पाटी अंगणातच.

"तुझ्या त्या समितीनं माझे गुडघे इथंच पुरायचं ठरवलंय वाटतं," विल्मा म्हणाली.

आता मात्र लॉवेल यांचे डोळे उघडले. शिक्षक परत आणणारे अंदाजपत्रक मताला येणार होते. ते दारोदार हिंडले. शेजारचा गस म्हणाला, "माझी पोरं कधीच मोठी झाली. पण तू म्हणतोस तर देतो बाबा." सगळ्यांनीच शब्द दिला.

मतपत्रिका हातात आल्यावर लॉवेलना एक गोष्ट सुचली. एवढे सगळे 'हो' म्हणणारच आहेत, तर आपल्या एकट्याच्या 'नाही'ने काय बिघडणार? घर विकेपर्यंत पट्टी आपल्यालाच भरायची आहे. बाहेर विल्मा भेटली.

"दिलंस ना 'हो'?"

"म्हणजे काय. आणि तू?"

"म्हणजे काय."

संध्याकाळी व्यायामशाळेत सगळ्या गावासमोर निकाल वाचला गेला. नाही: सहाशे बारा. हो: शून्य.

विल्माने गुडघा चोळला. लॉवेल छताकडे बघत राहिले. त्यांचे पोस्ट ऑफिसजवळचे पिवळे घर यंदाही कोणी घेणार नव्हते, आणि हिवाळा येणार होता. शेवटी ते उठले आणि कळकळीने म्हणाले, "या गावात शिक्षणाची कदर कुणालाच नाही."

सहाशे अकरा जणांनी खेदाने माना डोलावल्या. वाचता वाचता तुम्हीही डोलावलीत, ती सहाशे बारावी.