राखणदार वाढवणारे म्हात्रेकाका

आमच्या रोह्याच्या रसायन कंपनीतल्या संगणक विभागात ‘मारला’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. म्हात्रेकाका अंगावरच यायचे.

तिथल्या युनिक्स यंत्रात काही कामं पडद्याआड सतत चालू असत. कुणी छपाई सांभाळायचं, कुणी निरोप पोचवायचं. इंग्रजीत त्यांना डीमन म्हणतात, काकांनी त्यांचे राखणदार करून टाकले होते. एखादा अडला की ‘किल’ असा हुकूम देऊन तो बंद करायचा आणि पुन्हा सुरू करायचा. काकांची बोटं ‘किल’ लिहीत, पण तोंडाने म्हणत, “वाढवला हो!” आपण दुकान वाढवतो, बांगडी वाढवतो, तसा त्यांचा राखणदार वाढायचा.

एकदा काकांची पेणहून येणारी गाडी कासू स्टेशनात अडकली. नव्या साहेबांना त्यांनी तिथून फोन केला, “सायेब, छपाईचा राखनदार वाढवा.” साहेब परप्रांतात वाढलेले. त्यांनी एकाचे तीन केले. दुपारी ॲसिडच्या चलनात कँटीनच्या यादीतली बटाटाभाजी छापून आली.

“एका दारात तीन राखनदार? भांडनारच!” काका म्हणाले आणि दोन वाढवून मोकळे झाले.

दर तासाला ते चालू राखणदारांची नावं पडद्यावर आणत आणि एकेकावर बोट ठेवत. “हाय का? हाय.” सगळे झाले की फोन उचलून पेणचा नंबर फिरवत. “हाय का?” क्षणभर ऐकून “बरं” म्हणत आणि ठेवून देत.

“काका, फोनलाही राखणदार ठेवलाय वाटतं?” मी चिडवायची.

“व्हय गो,” ते हसायचे.

एक दिवस काका आलेच नाहीत. काकी गेल्याचा निरोप आला, तेव्हा आम्ही पेणला गेलो. काकींचं हृदय अधू होतं, मूलबाळ नव्हतं. दिवसभर त्या घरी एकट्या. पलंगाला लागून ठेवलेला फोन तिथे दिसला आणि दर तासाचं ते “हाय का?” कुणासाठी होतं, ते मला कळलं.

काकींचे दिवस झाल्यावर काका कामावर परतले. नावांवर बोट फिरवलं. “हाय का? हाय.” मग सवयीने हात फोनकडे गेला. नंबर पुरता फिरवून झाला. पलीकडे घंटा वाजत राहिली, थकून थांबली.

“नाय,” ते म्हणाले. हा शब्द आम्ही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. “राखनदार पुन्हा सुरू करता येतो, गो.” मग त्यांनी फोन ठेवला.

रविवार आला. त्या रिकाम्या घरात काका काय करत असतील, या विचाराने मला चैन पडेना. नंबर बघून बघून पाठ झाला होता. मी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

“काका, हाय का?”

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला.

“हाय, गो.”

“बरं,” मी म्हटलं, आणि रडू फुटायच्या आत फोन ठेवला.