तीन लेन्स आणि एक सासरे

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचा फोटो मेहुण्याच्या मोबाईलवर काढायचा, हे आमच्या कारकूनसाहेबांना मुळीच मान्य नव्हतं. "भिंतीवर लावायचा फोटो असा टिचकी मारून काढतात का?" असं ते भर जेवणात बोलून बसले, आणि फोटो स्वतः काढण्याचा विडाही उचलून मोकळे झाले. मेहुणा नुसता हसला. ते हसणं त्यांना फार झोंबलं.

कॅमेरा घरात होता, पण लेन्स कामातून गेलेली. नव्या लेन्सचा भाव ऐकून साहेब दुकानदारावरच उखडले. "काच विकताय की हिरे?"

"मग जुनी, हाताने फिरवायची बघा," दुकानदार शांतपणे म्हणाला. "स्वस्तात मिळते. फोकस तेवढा आपल्या डोळ्यांनी करायचा."

पहिली लेन्स जुन्या बाजारातल्या भंगारवाल्याकडे मिळाली. साहेबांनी बायकोला खिडकीपाशी बसवलं, लेन्सचं कडं फिरवफिरवून तासभर फोटो काढले.

"ह्यात मी कुठली आणि पडदा कुठला?" बायकोने विचारलं.

झालं! साहेब तसेच बाजारात गेले आणि चारचौघांत भंगारवाल्याची अशी काही हजेरी घेतली, की त्याने मुकाट्याने लेन्स परत घेतली (थोडे पैसे कापून, पण रागाच्या भरात ते कोण मोजतंय!).

दुसरी एका फोटो स्टुडिओवाल्याकडून घेतली. "बघा, ही हातात घेतल्याबरोबर कळते," साहेब त्याला म्हणाले. "तो भंगारवाला शुद्ध चोर होता." चार दिवसांनी लेन्स परत करताना त्यांनी स्टुडिओवाल्यालाही तीच पदवी बहाल केली.

तिसरी कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडची, आणखी थोड्या चढ्या भावाची. तिचेही फोटो धुरकट! पंचाहत्तरी परवावर आलेली, आणि मेहुण्याचा रोज निरोप, "भावोजी, मोबाईल चार्ज करून ठेवू ना?" साहेबांचा पारा चढला. साक्षीला बायकोला घेऊन ते दुरुस्तीवाल्याच्या दुकानात घुसले. "तुम्ही, तो स्टुडिओवाला, तो भंगारवाला, सगळे मिळालेले आहात!"

भंगारवाल्याचं नाव निघताच दुरुस्तीवाला चपापला. त्याने लेन्स कॅमेऱ्याला लावली, कडं जरासं फिरवलं आणि बायकोचा फोटो काढून दोघांना दाखवला.

"अगंबाई! कानातल्याची फिरकीसुद्धा दिसतेय," बायको म्हणाली.

"कुठे दिसतेय? सगळं धुरकट तर आहे!" साहेब म्हणाले.

दुरुस्तीवाल्याने लेन्स काढून त्यांच्या हातात दिली. "ह्या कड्यावरचे आकडे वाचा बरं."

साहेबांनी लेन्स लांब धरली. अजून लांब धरली. शेवटी हात संपला. "छपाईच पुसट आहे."

बायकोने सगळे आकडे घडाघडा वाचले. "आणि इथे नखाएवढा ओरखडा आहे."

"तो भंगारवाल्याकडे असल्यापासून आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "कुणीतरी भांडून परत केली म्हणून त्याने ती स्टुडिओवाल्याला दिली. त्याच्याकडेही कुणीतरी भांडून परत केली, म्हणून त्याने ती मला विकली. तो कुणीतरी कोण, ते आज कळलं."

"म्हणजे एकच लेन्स मला तीनदा विकलीत? लाज नाही वाटत?"

"साहेब, आम्ही तिघांनी एकेकदाच विकली. तीनदा तुम्ही घेतलीत."

चष्मा लावायचा विषय साहेबांनी रस्त्यातच मोडीत काढला. "डोळ्यांना काही झालेलं नाही, दुनिया लबाड आहे!" शेवटी फोटो त्याच लेन्सने बायकोने काढला, आणि मेहुण्यानेसुद्धा मान डोलावली. फोटो भिंतीवर लागला, पाहुणे वाहवा करू लागले. साहेब पुढे झाले, मागे सरकले, डोळे बारीक केले आणि संतापाने बायकोवर ओरडले,

"तुझ्या वडिलांच्या शेजारी माझ्या जागेवर हा कोण टकल्या उभा केलास?"